चार हजार हर्ट्झपाशी खळगा

कॉफीच्या डब्यात चिठ्ठ्या असतात.
महिन्यातून एकदा, केमीच्या वाचनालयाच्या तळघरात
आम्ही चौघं त्यात हात घालतो
आणि जे येईल त्यावर सूर रचतो,
हातात मावणाऱ्या एका जुन्या खेळयंत्रावर.
त्याला गळे चारच:
दोन चौकोनी, एक नागमोडी,
आणि एक नुसता खरखरणारा.

इल्पोला एकदा आली 'गोठलेल्या कुलपातली किल्ली'.
साटूला आलं 'कर परत मिळाल्याचं पत्र, भलत्याच्याच नावे'.
तिनं ते असं वाजवलं
की माझ्या नाकातून कॉफी आली.

मला आली कोरी चिठ्ठी.
कुणी टाकली, कुणीच कबूल करत नाही.

दिवसा मी कान तपासते.
बंद खोली, जाड काच, पलीकडे माणूस,
त्याच्या हातात बटण.
मी एक बारीक सूर सोडते.
ऐकू आला तर त्यानं दाबायचं.
एकोणीस वर्षं हेच:
विहिरीत खडा टाकायचा
आणि कान देऊन थांबायचं.

ताइस्तो हुर्स्काइनेन, वय एक्क्याऐंशी,
सदतीस वर्षं आरागिरणीत, दुसऱ्या नंबरच्या करवतीवर.
त्यांच्या आलेखाची रेघ बरी चालली होती,
चार हजारपाशी धपकन खड्ड्यात गेली,
मग कशीबशी थोडी वर आली.
"गिरणीतल्या सगळ्यांची इथंच पडते," मी म्हटलं.
"म्हणजे आम्हा सगळ्यांची सही एकच," ते म्हणाले.

मी कागद मागितला. गाणं करायचंय म्हटलं.
त्यांनी बायकोकडे पाहिलं.
"यांच्या कानांचं गाणं! देऊन टाका," ती म्हणाली,
"घरी तरी कुठं वापरतात."

रात्री स्वयंपाकघरात बसले.
या यंत्रात तीन सूर एकत्र धरायला जागा नाही.
मग एकाच गळ्याला तिन्हींवरून पळवायचं, इतकं भरभर
की कानाला सोबत वाटावी.
एकटा माणूस खोल्याखोल्यांतून धावत दिवे लावतो
आणि रस्त्यावरून वाटतं, घरी पाहुणे आलेत.

खरखरणारा गळा करवतीला अगदी फिट्ट बसला.
म्हणूनच पुसला.
आयतं मिळालेलं मला पचत नाही.
आणि रेघ जिथं जिथं खड्ड्यात जाते
तिथले सूर काढून घेतले.
तक्त्यात त्या जागी नुसत्या आडव्या रेघा,
न भरलेल्या अर्जासारख्या.

मार्चमध्ये ती दोघं आली.
बुटांचा बर्फ दाराशी आपटला, जिना सावकाश उतरली.
मी त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले.
त्यांनी सवयीनं हात पुढे केला: बटण?
बटण नव्हतं. साटूनं चमचा दिला.

सूर सुरू झाले. ते स्वस्थ.
चौकोनी गळे वर गेले, खाली आले, ते स्वस्थ.
मग पहिली रिकामी ओळ.
टक्.
पुन्हा सूर, पुन्हा स्वस्थ.
रिकामी ओळ.
टक्.
एकही चुकली नाही.
इल्पो माझ्याकडे बघायला लागला.
यंत्र बिघडलं म्हणावं, तर यंत्र त्या वेळी गप्पच होतं.

मी हेडफोन काढले, कानाशी वाकून म्हटलं,
"तिथं काही ठेवलेलं नाही मी."
"तिथंच तर आहे," ते म्हणाले,
कमी ऐकणारे बोलतात तेवढ्या मोठ्यानं.
"गिरणीला कुलूप लागून किती वर्षं झाली,
ती काही बंद होत नाही. रात्री तर नाहीच.
तुमची चिवचिव सुरू असली
की तेवढं जरा मागे सरते."
मग थोडं थांबून,
"चिवचिव छान आहे. लांब करता येईल का?"

मी हो म्हटलं. त्यांना ऐकू गेलं नसावं.
मी मान हलवली.

बायकोनं चमचा त्यांच्या हातातून घेतला,
टेबलावर दोनदा वाजवला.
ते उठले,
कोट चुकून इल्पोचा घातला.